उन्हाचा दाखला

अंबादास तिरोडकरांना अणुशक्तीबद्दल काही मत नव्हतं. सूर्याबद्दलही नव्हतं. विमा कंपनीत सत्तावीस वर्षं काढलेल्या हेडक्लार्कला स्वतःची अशी मतं फारशी उरत नाहीत, आणि उरलीच तर ती कुठल्या फायलीत लावली होती ते त्याला आठवत नाही. त्यांना फक्त घरात वरण-भात वेळेवर शिजायला हवा होता.

सत्त्याऐंशी सालचा फेब्रुवारी होता. गॅसचा नंबर लावून एकवीस दिवस झाले होते. एजन्सीतला माणूस रोज "येईल ना" म्हणायचा, आणि त्या "ना"मध्ये त्याचा स्वतःचाच विश्वास नसल्याचं कळायचं. रेशनच्या रॉकेलवर स्टो चालू होता. त्याला पंप मारता मारता नलिनीबाईंचा उजवा खांदा धरला. एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"अहो, ही सूर्यचूल बघा. पेटी गच्चीवर ठेवायची, आत डबे लावायचे, वरचा आरसा सूर्याकडे करायचा. दुपारी जाऊन भात घेऊन यायचा. सरकार देतंय, अर्ज करायचा फक्त."

"फक्त" हा शब्द ऐकून अंबादासांना थोडं दमल्यासारखं झालं. अर्ज या वस्तूशी त्यांचा आयुष्यभराचा परिचय होता. पण खांदा चोळणाऱ्या बायकोसमोर हे बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि ते सरकारी कार्यालयात गेले.

तिथल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. मग पेन्सिलीनं पत्त्यावर एक गोल केला.

"शीतलछाया सहकारी गृहनिर्माण संस्था, कांदिवली पूर्व," त्यानं वाचलं. "छाया."

"ते बिल्डिंगचं नाव आहे हो."

"नावच म्हणतोय मी. उद्या ऑडिटवाल्यांनी विचारलं की छायेत सूर्यचूल कशी दिली, तर काय सांगू?"

दुसरा कुणी असता तर भांडला असता. अंबादासांनी मात्र मनातल्या मनात त्याला दाद दिली. चांगली हरकत कशी असते ते त्यांना कळत होतं. स्वतःच्या नोकरीत त्यांनी अशा फार थोड्या काढल्या होत्या, आणि त्या त्यांना अजून आठवत होत्या.

"मग काय करायचं?"

"दाखला आणा. सदर जागेवर दररोज किमान सहा तास थेट ऊन पडतं असा. राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचा."

आता शीतलछायेत राजपत्रित अधिकारी एकच होता. तो अंबादासांच्या दारासमोरच राहत होता, आणि तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

चंद्रप्रकाश सामंत ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात सायंटिफिक ऑफिसर होता. तो आणि अंबादास एकाच वर्षी, बिल्डिंगला लिफ्टचा फक्त खड्डा असताना, राहायला आले. सोळा वर्षं झाली, खड्डा तसाच होता. दोघंही सावंतवाडीकडचे, त्यामुळे बाहेर मराठी आणि आपापसांत राग आला की मालवणी. बिल्डिंगमधली सगळी पोरं मार्कशीटच्या खऱ्या नकलांवर सही घ्यायला सामंतकडे यायची आणि येताना घाबरायची, कारण तो मूळ मार्कशीट समोर ठेवून एकेक आकडा बोटानं ताडून बघायचा. एकदा त्यानं एका मुलाची मूळ मार्कशीटच बेरजेत चुकलेली आहे हे शोधून काढलं होतं. त्या मुलाचे दोन मार्क कमी झाले.

"सहा तास?" सामंतनं कागद चष्म्याजवळ नेला. "मी कधी बघितलेत?"

"अरे, कांदिवलीत ऊन पडतं हे सांगायला बघायला कशाला पाहिजे?"

"सही माझी आहे ना."

एवढं बोलून तो आत गेला आणि मोजायची टेप, होकायंत्र आणि आलेखाची वही घेऊन बाहेर आला. "रविवारी सकाळी सातला गच्चीवर ये. खुर्ची आण."

आणि अशा रीतीनं, वरण-भातासाठी, अंबादास तिरोडकरांचे रविवार गेले.

पहिल्या रविवारी असं निघालं की गच्चीच्या मधल्या मोकळ्या जागेवर सकाळी नऊ चाळीसपर्यंत पाण्याच्या टाकीची सावली असते. दुपारी तीन वीसला पश्चिमेकडून जांभळाच्या झाडाची सावली येते. सामंतनं आकडे खाली मांडले आणि रेघ ओढली. पाच तास चाळीस मिनिटं.

"वीस मिनिटांचं काय एवढं," अंबादास म्हणाले.

सामंतनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी तो मुद्दा सोडून दिला.

जांभळाचं झाड शेजारच्या गावठाणात, क्लेमेंट परेराच्या अंगणात होतं. एक फांदी छाटली तर काम होणार होतं, म्हणून अंबादास संध्याकाळी तिकडे गेले. क्लेमेंट ओसरीवर जाळ्याची गाठ सोडवत बसला होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं.

"तिरोडकर, झाड माझ्या आज्यानं लावलंय. तुमची बिल्डिंग एकाहत्तरला आली. तेव्हा आमच्या घरावर तुमची सावली पडली, आम्ही काय बोललो?"

"नाही बोललात."

"माझ्या बायकोचे, ऑलिव्हचे, सुके बोंबील तेव्हापासून नीट वाळत नाहीत," क्लेमेंट म्हणाला, आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. चहा पिऊन, फांदीचं नाव पुन्हा न काढता, अंबादास परत आले.

गच्चीवर एक कोपरा असा होता की तिथून टाकीची सावली लवकर हटायची आणि जांभळाची उशिरा यायची. पण तो लताबाई पाटकरांचा होता. म्हणजे सोसायटीच्या कागदांत नव्हता, पण बारा वर्षं त्या तिथं पापड, कुरडया, सांडगे वाळवत होत्या, आणि सेक्रेटरी श्यामसुंदर रेडकरांच्या मते बारा वर्षांनंतर वहिवाट लागू होते. लागू होते की नाही हे रेडकरांना नक्की माहीत नव्हतं. पण लताबाई रेडकरांच्या वरच राहत होत्या आणि त्यांच्या न्हाणीघरातून रेडकरांच्या स्वयंपाकघरात गळत होतं, त्यामुळे त्यांना दुखवायची ही वेळ नव्हती.

म्हणून सामंतनं पुन्हा मोजायचं ठरवलं. ऋतूप्रमाणे सूर्य सरकतो, थोडा फरक पडेल, असं त्याचं म्हणणं. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार. दर तासाला खडूनं सावलीची कड आखायची आणि मध्ये बसून राहायचं. बसून राहिलं की माणूस बोलतो. सामंत एरवी कमी बोलणारा. चारचौघांत तर त्याचा आवाज घशातच राहायचा. पण गच्चीवर, एका माणसासमोर, तो तासन्तास बोलला.

बोटाच्या पेराएवढ्या युरेनियमच्या गोळीत किती कोळशाची ताकद असते. केरळच्या वाळूत किती थोरियम आहे. दोन कोटी माणसांची शहरं होतील तेव्हा पेट्यांमध्ये आरसे लावून भागणार नाही. सूर्य संध्याकाळी घरी जातो, गिरणी जात नाही. अंबादास "हं" म्हणत राहिले. मध्येच, निव्वळ जाग राहावी म्हणून, ते उलट बोलायचे.

"पण सूर्याला कुंपण घालावं लागत नाही. त्याची राख कुठं पुरावी लागत नाही."

"सूर्य म्हणजे तरी काय रे? अणुभट्टीच. फक्त पंधरा कोटी किलोमीटरवर ठेवलेली."

"तुमच्यापण तेवढ्याच लांब ठेवा असं मी म्हणतोय."

यावर सामंत हसला नाही. गेलं वर्षभर, रशियात चेर्नोबिलला ते झालं तेव्हापासून, तो अशा गोष्टींना हसत नसे. तो वहीत बघत म्हणाला, "माझं काम काय आहे ठाऊक आहे तुला? आत काम करणाऱ्या माणसांच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्यातली फिल्म मी तपासतो. कुणाला किती किरणं लागली ते मी सांगतो. बावीस वर्षं. साहेब असो की झाडूवाला, फिल्म काळी पडली की मी त्याला घरी बसवतो. लोक मला शिव्या देतात." मग तो उठला आणि अकराची रेघ आखायला गेला.

चौथ्या रविवारीही उत्तर पाच तास अठ्ठेचाळीसच्या वर गेलं नाही. सहीला नकार. अंबादास गच्चीवरून उतरले तेव्हा पाठ भाजलेली, टाळू तापलेली, आणि खाली नलिनीबाईंचा स्टो भडकून पातेल्याची बाहेरची बाजू काळी झाली होती. जिन्यात लताबाई भेटल्या.

"काय हो भावजी, मिळाला का दाखला?"

इथं अंबादासांनी गप्प राहायला हवं होतं. हे त्यांना पुढं पुष्कळदा कळलं.

"कुठला. ते सामंत अणूवाले ना. सूर्याचं त्यांना काय पडलंय. पण सूर्य निदान संध्याकाळी कपड्यांबरोबर घरी तर काही आणत नाही."

ते बोलून घरात गेले आणि जेवून झोपले. वाक्य मात्र जिन्यातच राहिलं आणि मग मजल्यामजल्यावर हिंडलं.

बुधवारपर्यंत लताबाईंनी पापडाच्या साड्या सामंतांच्या दोरीपासून आठ फूट लांब सरकवल्या होत्या. गुरुवारी पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी सामंतांच्या घरी वर्तमानपत्र वाचायला जाणं बंद केलं. शनिवारी सामंतच्या बायकोनं, विमलाबाईंनी, कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करून दोन घरी वाट्या पाठवल्या. दोन्ही वाट्या भरलेल्या परत आल्या. एकीनं उपास सांगितला, दुसरीनं पोट. विमलाबाईंनी ती भाजी फेकली नाही. दोन दिवस नवराबायको तीच खात होते. हे नलिनीबाईंना भांडी घासणारीकडून कळलं आणि त्यांनी नवऱ्याला सांगितलं. त्या वेळी त्यांना माहीत नव्हतं की वाक्य मूळचं कुणाचं. अंबादासांना माहीत होतं. त्यांनी पाणी मागितलं.

त्यांनी लगेच समोरच्या दारात जाऊन सगळं सांगून टाकायला हवं होतं. ते दोनदा बाहेर आले. दोन्ही वेळा चपला घालून खाली जाऊन कोथिंबीर घेऊन आले. घरात कोथिंबीर फार झाली.

दरम्यान रेडकरांना पाडव्याच्या कार्यक्रमाचं काहीतरी करायचं होतं. गेल्या वर्षी नकला करणारा येतो म्हणून सांगून आला नव्हता, आणि शीतलछायेनं दोन तास रिकाम्या मायक्रोफोनकडे बघून काढले होते. यंदा घरचेच वक्ते घ्यायचे असं त्यांनी ठरवलं. नोटीसबोर्डावर कागद लागला:

"पाडव्यानंतरच्या रविवारी सायंकाळी पाच वाजता गच्चीवर जाहीर वादविवाद. विषय: उद्याची वीज, अणूची की सूर्याची? सूर्याच्या बाजूने श्री. तिरोडकर. अणूच्या बाजूने श्री. सामंत. अध्यक्ष: शेजारचे श्री. क्लेमेंट परेरा. अल्पोपाहार होईल."

"मला कुणी विचारलं?" अंबादासांनी रेडकरांना गाठलं.

"तुम्ही चार रविवार गच्चीवर तेच करताय ना? फक्त आता लोक बसतील समोर."

"माझी काही बाजूच नाही हो. मला भात शिजवायचाय."

"तोच मुद्दा घ्या. लोकांना पटतो." रेडकर जरा जवळ सरकले. "शिवाय बिल्डिंगमध्ये थोडी कुजबुज आहे. एकदा समोरासमोर बोलणं झालं की मोकळं होईल."

रेडकरांचा हेतू चांगला होता. अंबादासांच्या अनुभवात चांगल्या हेतूची माणसं हाताबाहेर जायला वेळ लागत नाही.

पुढचे आठ दिवस शीतलछायेतला जो भेटेल तो अंबादासांना मुद्दे देत होता. तळमजल्यावरचे रतनशेठ म्हणाले की पवनचक्की घ्या, कोकणात लावतायत म्हणे, तुम्ही कोकणातलेच. रेडकर म्हणाले की गोबरगॅस विसरू नका.

"बिल्डिंगमध्ये गुरं कुठायत?"

"मुद्दा म्हणून म्हणतोय मी. गुरं नंतर."

लताबाईंनी एका कागदावर स्वतःच सहा मुद्दे लिहून दिले. त्यातले चार पापडांबद्दल होते. ऑफिसात जयवंत नावाचा सहकारी म्हणाला की तुम्ही समोरच्याला आकड्यात अडकू देऊ नका, भावनेत पकडा. अंबादासांनी सगळे कागद एका फायलीत लावले, फायलीला नंबर दिला, आणि रोज संध्याकाळी ती उघडून बंद केली. समोरच्या दारातून सामंत आणि ते जिन्यात भेटत, पण बोलणं "आज ऊन आहे" आणि "आहे" एवढ्यावर आलं होतं. सामंतला कुजबुज कळली होती हे दिसत होतं. सदरे आता दोरीवर वाळत नव्हते. विमलाबाई ते घरात, पंख्याखाली वाळवत होत्या.

रविवारी गच्ची भरली. सतरंज्या, खुर्च्या, मायक्रोफोन, आणि मधोमध टेबलामागे क्लेमेंट परेरा, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवून. त्याच्या ईस्टरआधीच्या उपासांचे दिवस चालू होते म्हणून त्यानं बटाटेवड्याची बशी बाजूला सरकवली होती, पण नजर तिच्यावर होती.

अंबादास आधी बोलले. चार मिनिटं त्यांनी फाइलमधले कागद वाचले. पवनचक्की झाली, गोबरगॅस झाला, चुकून पापडही झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते बसले तेव्हा त्यांना वाटलं, चला, एक संपलं.

मग सामंत उठला. त्यानं आलेखाचा कागद मायक्रोफोनच्या दांड्याला चिकटवला. "प्र-प्रथम आपण मेगावॅट म्हणजे काय ते पाहू," तो म्हणाला, आणि खरोखरच ते पाहू लागला. पाच-सात मिनिटांत मागच्या रांगा हलल्या. कुणी वडा घ्यायला उठलं. आणि मागून एक आवाज आला, बाईचा की बाप्याचा ते कुणालाच नंतर सांगता आलं नाही.

"ते सगळं ठीक आहे हो. कपड्यांबरोबर घरी काय येतं ते सांगा."

काही लोक हसले. फार नाही. पाच-सहा जण.

सामंत थांबला. त्यानं मान खाली घालून स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. सदरा स्वच्छ होता, घडीचे मोड अजून दिसत होते. तो आलेखाचा कागद सोडवायला लागला, पण चिकटपट्टी निघेना. पहिल्या रांगेत विमलाबाई सतरंजीचं एक सूत बोटाला गुंडाळत होत्या आणि वर बघत नव्हत्या.

अंबादास उठले. उठायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं.

"अध्यक्ष, सामंतांची वेळ शिल्लक आहे. त्यांच्या वतीनं मी बोलतो."

"तिरोडकर, तुम्ही सूर्याकडून आहात," रेडकर हळूच म्हणाले.

"माहितेय मला."

क्लेमेंटनं घड्याळाकडे पाहिलं. "आठ मिनिटं आहेत. बोलू दे."

अंबादासांनी फाइल खुर्चीवरच ठेवली. त्यांना काही वाचायची गरज नव्हती. चार रविवार त्यांनी हेच ऐकलं होतं, आणि हेडक्लार्क माणूस एकदा कानावर गेलेलं विसरत नाही, इच्छा असली तरी.

"आधी ते कपड्यांचं," ते म्हणाले. "ते वाक्य माझं आहे. जिन्यात मी बोललो. तेव्हा मी उन्हात दिवसभर बसून दमलो होतो आणि मला दाखला मिळत नव्हता. त्यात विज्ञान काही नव्हतं, फक्त चिडचिड होती. ज्यांनी ते पुढं नेलं त्यांना मी दोष देत नाही. मी ते जिन्यात ठेवून यायला नको होतं."

नलिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते अंबादासांना वाचता आलं नाही.

"आता हे ऐका. सामंत रोज संध्याकाळी आपली जागा सोडतो तेव्हा एका मशीनसमोर उभा राहतो. हात घालायचे, पाय ठेवायचे. मशीन हो म्हणालं तर बाहेर. नाही म्हणालं तर परत धुवायचं. बावीस वर्षं. आपल्यापैकी कोण घरी यायच्या आधी मशीनसमोर उभा राहतो? मी चर्चगेटहून येतो तेव्हा माझ्या शर्टाला काय काय लागलेलं असतं ते मला माहितेय, आणि तरी मी तसाच जेवायला बसतो. या बिल्डिंगमध्ये रोज तपासून घरी येणारा एकच माणूस आहे. त्याची वाटी आपण परत पाठवली."

मग ते अणूवर आले. पेराएवढी गोळी आली, केरळची वाळू आली, संध्याकाळी घरी जाणारा सूर्य आणि न जाणारी गिरणी आली. आकडे त्यांना सामंतच्या आवाजातच आठवत होते, आणि त्यांच्या नकळत ते सामंतसारखेच मध्ये थांबत होते. एका जागी त्यांचं "दोनशेवीस मेगावॅट" चुकलं. मागून सामंत पुटपुटला, "दोनशेपस्तीस," आणि त्यांनी ते दुरुस्त करून पुढं चालू ठेवलं.

"वेळ," क्लेमेंट म्हणाला.

हात वर करून मतं घेतली. अणूला एकतीस, सूर्याला अकरा. त्या अकरांत अंबादास होते, कारण ते सूर्याच्या बाजूचे होते आणि बाजू बदलायचा अर्ज त्यांनी केलेला नव्हता. नलिनीबाईंनी अणूला हात वर केला. सामंतनं कुणालाच दिला नाही. रेडकरांनी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माहिती अपुरी आहे."

लोक वड्यांकडे वळले. दोघं कठड्याशी उभे राहिले. सामंतनं जांभळाकडे बघत विचारलं,

"ता तू बोललंस?"

"मीच."

"माका वाटला लताबाय."

"नाय. मीच."

सामंतनं मान हलवली. "गोळीचं वजन तू चुकीचं सांगितलंस," तो पुन्हा मराठीत म्हणाला. "पण बाकी बरं झालं."

यापलीकडे त्यावर कधी बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादास ऑफिसला निघाले तेव्हा लताबाई पापडाच्या साड्या काखोटीला मारून गच्चीवरून उतरत होत्या. "कोपरा घ्या तुमचा," त्या न थांबता म्हणाल्या. "मला टाकीपाशी चालतं." आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांनी विमलाबाईंच्या दाराची कडी वाजवली. आत काय बोलणं झालं ते माहीत नाही. तासाभरानं बाहेर आल्या तेव्हा पदरानं नाक पुसत होत्या, एवढं भांडी घासणारीनं सांगितलं.

पुढच्या रविवारी त्या कोपऱ्यात मोजलं. सहा तास दहा मिनिटं. सामंतनं त्याच संध्याकाळी दाखला टाइप केला. खाली तासातासाचा तक्ता, सावलीच्या कडेचा आलेख, आणि शेवटी एक ओळ: "वरील निरीक्षण दि. १२ एप्रिल १९८७ या दिवसापुरते असून इतर दिवशी सूर्य काय करील याची जबाबदारी निम्नस्वाक्षरीकार घेत नाही."

ती ओळ वाचून अंबादासांचं धाबं दणाणलं. असला दाखला तो कारकून तोंडावर फेकील याची त्यांना खात्री होती. पण कारकुनानं तो वाचला, मग पुन्हा वाचला, मग उठून शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दाखवला. दोघांनी मिळून तक्त्यावर बोट फिरवलं.

"साहेब," कारकून म्हणाला, आणि त्यानं अंबादासांना साहेब म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती, "लोक मला 'भरपूर ऊन पडते' असं लिहून आणून देतात. हे बघा, याला दाखला म्हणतात. याची एक प्रत मी ठेवू?"

चूल मेच्या पहिल्या आठवड्यात आली. तेवढ्यात गॅसही आला होता, त्यामुळे नलिनीबाईंनी पेटीकडे जराशा परकेपणानं पाहिलं. पण पहिल्या रविवारी त्यांनी डब्यात तांदूळ आणि डाळ घालून दिली. सामंतला आरसा एक अंशही सूर्यावरून ढळलेला सहन होईना. दर वीस मिनिटांनी तो खाली वाकून तो सरळ करत होता. पावणेदोनला भात झाला. एका बाजूनं किंचित कणी राहिली होती. विमलाबाई, लताबाई, रेडकर आणि आणखी सात-आठ जणांनी तिथंच उभ्यानं तो खाल्ला, आणि घरी आधी जेवून आल्यामुळे सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

कौतुकाचा परिणाम पुढच्या आठवड्यात दिसला. शीतलछायेतून सात अर्ज गेले, आणि सातही परत आले. कारकुनानं सामंतचा दाखला नमुना म्हणून काचेखाली लावला होता. आता त्याला तसाच, तक्ता आणि आलेखासकट, प्रत्येकाचा वेगळा पाहिजे होता.

रविवारी सकाळी अंबादास बनियनवर पेपर घेऊन आडवे झाले होते. समोरच्या दारात आवाज येत होते. उठून पाहिलं तर सामंतच्या बैठकीत माणसं मावत नव्हती. रेडकर, रतनशेठ, लताबाईंचे यजमान, पहिल्या मजल्यावरच्या त्या बाई, सगळे हातात अर्ज घेऊन. विमलाबाई ट्रेमधून चहा फिरवत होत्या. कप कमी पडले म्हणून त्यांनी स्टीलच्या वाट्याही भरल्या होत्या, आणि लोक त्या फुंकर मारून पीत होते.

सामंत गर्दीतून बाहेर आला. हातात टेप आणि होकायंत्र.

"सात अर्ज. प्रत्येकाला वेगळी जागा. रविवारी एक धरला तर तीन होतील, मग ढग. उरलेले चार दिवाळीनंतर."

"सामंत, तू आयुष्यात एकदा तरी काही न बघता सही कर ना रे."

सामंतनं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "तू करशील?"

अंबादासांनी विचार केला. सत्तावीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून गेलेला एकेक कागद डोळ्यांसमोर आला, आणि खोटं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," ते म्हणाले.

त्यांनी पेपर घडी करून ठेवला, ओला पंचा डोक्याला गुंडाळला, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि जिना चढायला लागले.